फूल आलं म्हणजे ऑर्किड सुखात आहे का?

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या 'युडायमोनिया' या कल्पनेबद्दल बोललो. या शब्दाचं भाषांतर कोणी 'सुख' करतात, कोणी 'कल्याण'. आम्ही तेव्हा म्हटलं होतं की 'बहरणं' हा शब्द त्याला जास्त जवळचा आहे. त्यावर एका श्रोत्या बाईंनी प्रश्न पाठवला. त्यांना वाढदिवसाला फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड भेट मिळालं, ते फुलांनी लगडलेलं होतं. फुलं अडीच-तीन महिने टिकली, मग गळली. त्यानंतर दोन वर्षं एकही फूल नाही. पण पानं येताहेत, मुळं कुंडीबाहेर लोंबताहेत. बाई विचारतात, हे झाड बहरतं आहे की नुसतं जगतं आहे? आणि ते ठरवायचं कशावरून?

हा प्रश्न बागकामाच्या सदरातला वाटेल, पण तो तसा नाही. जो जीव बोलत नाही, कण्हत नाही, शेपूट हलवत नाही, त्याचं बरं चाललंय हे आपल्याला कळतं कसं? युरोपने, विशेषतः इंग्लंडने, या एका प्रश्नापायी सुमारे शंभर वर्षं आणि हजारो झाडं खर्ची घातली. आज तोच इतिहास सांगावा असं आम्ही ठरवलं आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. १७३१ साली बहामा बेटांवरून पीटर कॉलिन्सन या लंडनच्या व्यापाऱ्याकडे एक वाळलेला नमुना आला. त्याच्या गाठीत जीव असावा असं वाटून तो एका बागेत लावला गेला आणि पुढच्याच वर्षी फुलला. ही आजची ब्लेशिया. ती जमिनीत वाढणारी असल्यामुळे कुंडीतली माती तिला मानवली. झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या ऑर्किडांचं मात्र असं नव्हतं. त्यांपैकी पहिलं लंडनजवळच्या क्यू उद्यानात फुललं ते १७८७ साली, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी. मधल्या काळात ही झाडं परोपजीवी आहेत, दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगतात, असा सर्वसाधारण समज होता. आपल्याकडेही हा समज आहेच. कोकणात आंब्या-फणसाच्या फांदीवर सीतेची वेणी लोंबताना दिसली की लोक सरसकट 'बांडगूळ' म्हणून मोकळे होतात. बांडगूळ खरोखरच यजमानाच्या फांदीत मूळ घुसवतं. सीतेची वेणी फांदीला नुसती धरून बसते. पोट भरते ते पाऊस, दव, आणि सालीच्या खाचांत साठलेल्या पाचोळ्यावर.

चुकीच्या समजातून चुकीचा उपचार निघतो. काही माळ्यांनी ही झाडं सरळ मातीत पुरली. काहींनी कुंड्या कातडी कमावणाऱ्यांकडून आणलेल्या सालीच्या आंबणाऱ्या, ऊबदार ढिगात खोचून ठेवल्या. हवेत राहणारी मुळं पुरल्यावर जे व्हायचं तेच झालं. जोसेफ बँक्स यांनी १८१० नंतरच्या काळात वेताच्या टोपल्या करून त्यांत शेवाळ भरलं आणि झाडं त्यांत टांगली. आज हे अगदी साधं वाटतं, तेव्हा मोठी उडी होती.

मग 'स्टोव्ह' आला. म्हणजे चूल नव्हे. वाफेने आणि गरम धुराच्या नळांनी तापवलेलं काचघर. लंडनच्या हॅकनी भागातल्या लॉडिजेस यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेत ऑर्किडं अशा घरांत ठेवली जात. दारं-खिडक्या बंद, फरशीवर पाणी, काचांवर सावली, आत घाम फुटेल इतका दमटपणा. आणि १८३० साली जॉन लिंडली यांनी या पद्धतीला विद्वत्तेचा शिक्का दिला. लिंडली हे ऑर्किडांच्या वर्गीकरणाचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे सांगितलं ते थोडक्यात असं: भरपूर उष्णता, भरपूर ओलावा आणि दाट सावली.

लिंडलींवर हसू नका. त्यांचा युक्तिवाद बघा. ही झाडं उष्ण कटिबंधातून येतात. उष्ण कटिबंधातली अरण्यं गरम, दमट आणि अंधारी असतात. म्हणून या झाडांना गरम, दमट आणि अंधारी जागा द्यावी. तर्कशास्त्राच्या पेपरात याला बरेच गुण मिळाले असते. गडबड आहे ती 'उष्ण कटिबंध' या शब्दात. नकाशावरच्या एका पट्ट्याला एक नाव दिलं, की तिथे सगळीकडे एकच हवा असते असं आपल्याला नकळत वाटू लागतं. अँडीज पर्वताचा नऊ हजार फुटांवरचा उतार उष्ण कटिबंधातच येतो, आणि तिथे रात्री कुडकुडायला होतं.

आता आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न पुढे आहे. झाडं मरत होती. थोडीथोडकी नव्हे, जहाजंच्या जहाजं. जोसेफ हूकर यांच्या नावावर असं सांगितलं जातं की इंग्लंड हे अर्धशतकभर उष्ण कटिबंधातल्या ऑर्किडांचं स्मशान होतं. मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ही माणसं काही निर्बुद्ध नव्हती. झाडांवर त्यांचं प्रेम होतं, पैसाही भरपूर होता.

याचं एक मोठं कारण असं की ती झाडं मरायच्या आधी फुलत होती.

हे जरा सावकाश समजून घेऊ. पुष्कळ ऑर्किडांच्या बुडाशी देठाची फुगलेली गाठ असते, तिला स्यूडोबल्ब म्हणतात. तिच्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. एका पावसाळ्यात झाड नवी गाठ भरतं आणि तिच्या जिवावर पुढे फुलतं. आता असं झाड ब्राझीलच्या जंगलातून उचललं, पेटीत भरलं, कित्येक आठवड्यांचा सागरी प्रवास करून हॅकनीच्या काचघरात आणून टांगलं. काही महिन्यांनी त्याला फुलाचा दांडा आला. मालक खूश, माळी खूश, शेजारचा लॉर्ड मत्सराने पिवळा. पण ते फूल कशाच्या जोरावर आलं? जंगलातल्या गेल्या पावसाच्या जोरावर. मुलगी माहेरून निघताना जी शिदोरी घेऊन निघाली, तीच ती सासरी खात होती. आणि सासरचे म्हणत होते, बघा आमच्याकडे कशी छान खातेय! पुढच्या वर्षी नवी गाठ आधीच्या गाठीपेक्षा लहान भरायची. तिसऱ्या वर्षी आणखी लहान. चौथ्या वर्षी काहीच नाही.

म्हणजे फूल ही बातमी होती, पण ती वर्षभर जुनी आणि दुसऱ्याच गावची. हॅकनीत वाचणाऱ्यांनी ती हॅकनीची म्हणून वाचली.

शिवाय बघणाऱ्याला काय बघायचं होतं, हेही पाहिलं पाहिजे. श्रीमंत संग्राहकाने पैसे मोजले होते ते फुलासाठी. वनस्पतिशास्त्रज्ञालाही फूलच हवं होतं, कारण ऑर्किडाची जात ठरते ती फुलाच्या रचनेवरून. १८१८ साली विल्यम स्वेनसन यांनी ब्राझीलमधून पाठवलेल्या झाडांपैकी एक विल्यम कॅटली यांच्या काचघरात फुललं. लिंडलींनी त्यावरून कॅटलिया हे नवं कुळनाव दिलं आणि ते नाव अजरामर झालं. त्या कुळाला नाव मिळायला एक बहर पुरला. झाड पुढे किती वर्षं जगलं, याची नोंद शास्त्राला नको होती. आणि झाड मेलं तर? पुढचं जहाज होतंच. जिथे मेलेल्याची जागा लगेच भरून निघते, तिथे मरण लवकर डोळ्यांत भरत नाही. ही गोष्ट फक्त ऑर्किडांपुरती खरी आहे असं आम्हाला वाटत नाही, पण तो विषय आज नको.

शहाणपण आलं ते विद्वानांकडून नव्हे, तर रोज झाडाशेजारी उभं राहणाऱ्या माळ्यांकडून. १८३० च्या दशकात यॉर्कशायरमध्ये वेंटवर्थ इथे जोसेफ कूपर नावाचे माळी आपल्या काचघरात मोकळी हवा येऊ देत, आणि त्यांची ऑर्किडं इतरांपेक्षा तजेलदार असत. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्याकडे जोसेफ पॅक्स्टन होते. हेच पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारे. ड्यूकना १८३३ च्या सुमारास एका प्रदर्शनात फुलपाखरासारखं दिसणारं ऑर्किड दिसलं आणि त्यांना ऑर्किडांचं वेडच लागलं. पॅक्स्टन यांनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं. गिब्सन कलकत्त्याहून खासी टेकड्यांत, चेरापुंजीकडे गेला आणि १८३७ मध्ये ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. पण आम्हाला पॅक्स्टन यांचं वेगळंच काम मोलाचं वाटतं. त्यांनी सगळ्या ऑर्किडांना एकाच भट्टीत कोंडायचं सोडलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांना वेगवेगळ्या उष्णतेची घरं दिली आणि हवा खेळती ठेवली.

खासी टेकड्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबू. १८५० साली जोसेफ हूकर तिथे फिरत होते. निळी व्हँडा, व्हँडा सेरुलिया, हे ऑर्किड ग्रिफिथ यांना त्याच भागात १८३७ मध्ये सापडलं होतं. ऑर्किडांत निळा रंग दुर्मीळ, त्यामुळे इंग्लंडात तिच्यासाठी जीव टाकणारे लोक होते. हूकरना ती दिसली ती कुठे? दाट, अंधाऱ्या, ठिबकणाऱ्या अरण्यात नव्हे. गवताळ, कोरड्या टेकडीवर, ओकच्या लहान, वेड्यावाकड्या झाडांवर, उघड्या उन्हात आणि वाऱ्यात. हिवाळ्याची थंडी, उन्हाळ्याचा ताप, पावसाळ्यानंतरचा कोरडेपणा, सगळं अंगावर घेत. त्या उघड्यावर निळ्या फुलांचे घोस वाऱ्याने डुलत होते. आणि हूकर आपल्या 'हिमालयन जर्नल्स' या १८५४ च्या पुस्तकात हे नोंदवून लगेच पुढे सांगतात की आपल्याकडे इंग्लंडात हिच्यावर जे उपचार चालतात ते याच्या नेमके उलटे आहेत.

पण त्यांनी स्वतः काय केलं? सात माणसांची ओझी भरतील इतकी झाडं उतरवून क्यूला रवाना केली. त्यांतली थोडीच जिवंत पोचली. त्यांच्याबरोबर एका गृहस्थाचा माळी जागा बघायला आला होता. त्या गृहस्थाने एका माणसाचं ओझं इंग्लंडला पाठवलं. माल वाईट अवस्थेत पोचला, तरीही ३०० पौंडांना विकला गेला. हूकर यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं की हे झाड कुठे बहरतं. आणि त्याच पानावर ओझ्यांचा हिशेब आहे. जाणणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणून आम्ही पुढे जातो.

पुढचा बदल सावकाश, पण पक्का झाला. १८५२ मध्ये बेंजामिन सॅम्युएल विल्यम्स यांची ऑर्किड जोपासणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका निघाली. तिच्यात झाडाच्या विश्रांतीला स्वतंत्र महत्त्व होतं. १८६० च्या दशकात जेम्स बेटमन यांच्यासारख्यांनी थंड काचघरांचा पुरस्कार केला आणि अँडीजमधली ओडोंटोग्लॉसम, जी आधीच्या भट्ट्यांत हमखास मरत, ती वर्षानुवर्षं फुलू लागली. एकदा फुललं की झालं, असं म्हणणारा माळी आता अडाणी ठरू लागला. प्रश्न बदलला होता: यंदाची गाठ गेल्या वर्षीच्या गाठीपेक्षा मोठी आहे का?

आता बाईंच्या झाडाकडे येऊ. फॅलेनॉप्सिसला गाठ नसते. त्याची सगळी शिल्लक जाड पानांत आणि मुळांत असते. म्हणून बघायचं ते तिथेच. नवं पान आधीच्या पानाएवढं किंवा त्याहून मोठं होतंय का? मुळं टणक आहेत का, आणि वाढीच्या दिवसांत त्यांची टोकं ओली, चकचकीत, हिरवी किंवा तांबूस दिसतात का? मुळावर व्हेलामेन नावाचं मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं, पाणी प्यायलं की आतला हिरवा रंग वर येतो. कुंडीत पाणी घालायचं की नाही, हे सांगणारं याहून चांगलं यंत्र बाजारात मिळत नाही, आणि हे फुकट आहे. मूळ तपकिरी आणि पोकळ लागलं, बोटांत दाबलं की वरचं आवरण निघून दोरा हातात आला, तर वर फुलं असोत वा नसोत, आत घर पोखरलेलं आहे.

आणखी एक चकवा. पानं गर्द, काळपट हिरवी दिसली की आपल्याला वाटतं, वा, काय तब्येत आहे! ऑर्किडाच्या बाबतीत हा रंग बहुधा उजेड कमी पडल्याची खूण असतो. मिळेल तेवढा प्रकाश वेचण्यासाठी झाड हरितद्रव्य वाढवत असतं. थोडा फिकट, पोपटी झाक असलेला हिरवा रंग जास्त चांगला. म्हणजे आपल्या डोळ्याला जे टवटवीत दिसतं, ते झाडाची ओढाताण असू शकतं.

मग बाईंच्या झाडाला फूल का नाही? फॅलेनॉप्सिसला दांडा फुटायला काही आठवडे साधारण २५ अंशांखालची हवा लागते. मोठ्या रोपवाटिकांत यंत्राने थंडावा देऊन हव्या त्या महिन्यात दांडे काढतात. मुंबईतल्या बंद घरात ही थंडाई सलग मिळणं अवघड. तेव्हा निरोगी मुळं आणि वाढत्या पानांचं पण बिनफुलाचं झाड हे आजारी झाड नव्हे. आणि उलट, दुकानातून नुकतंच आणलेलं फुललेलं झाड तुमच्या घरात सुखी आहे की नाही, हे त्या फुलांवरून अजिबात कळत नाही. ती फुलं म्हणजे रोपवाटिकेचं प्रगतिपुस्तक आहे. तुमचं प्रगतिपुस्तक यायला दीड-दोन वर्षं लागतात.

खुणा जातीप्रमाणे बदलतात, हे मात्र विसरू नका. आपल्या सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाचं ऑर्किड आहे. पावसाळा संपला की त्याची पानं झडतात. फांदीवर नुसत्या वाळक्या काड्या. आपण ती घरात ठेवली असती तर कचऱ्यात टाकली असती, किंवा दया येऊन पाणी ओतून कुजवली असती. हिवाळा सरता सरता त्याच काड्यांवर पांढरीशुभ्र फुलं येतात. या झाडाच्या बाबतीत पानं नसणं ही खूण वाईट नाही. झाड 'कसं दिसतंय' हे विचारण्याआधी 'हे कोण आहे आणि त्याचा हा कोणता महिना' हे विचारावं लागतं.

इथे ॲरिस्टॉटल आम्हाला अडवतो, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. वनस्पतीला तो पोषण करणारा आत्मा आहे असं मानतो. वाढणं, पोसणं आणि आपल्यासारखं दुसरं निर्माण करणं, ही त्या आत्म्याची कामं. त्यांतलं शेवटचं काम त्याला सर्वांत स्वाभाविक वाटतं. मग फुलाला बाजूला सारून मुळं-पानं मोजत बसलो, तर झाडाच्या जगण्याचा मुख्य हेतूच आपण टाकून दिला असं होत नाही का? आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही असं म्हणणार नाही की फूल ही खूण नव्हे. पण बहरणं हे ॲरिस्टॉटलच्याच मते एका दिवसाचं किंवा एका ऋतूचं नसतं, पुऱ्या आयुष्याच्या मापाचं असतं. शिल्लक वाढवत फुलणं आणि शिल्लक मोडून फुलणं, यांत वरून फरक दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या पानात दिसतो.

आणि आपण निर्मितीचं बोलतोय, तर कुंडीतलं ऑर्किड त्या कसोटीला उतरतं का? ऑर्किडाचं बी धुळीसारखं बारीक. त्यात अंकुराला पुरेल असं अन्नच नसतं. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिलं की निसर्गात हे बी रुजतं ते एका बुरशीच्या मदतीने. तोवर काचघरांत बी पेरणं म्हणजे नशिबाचा खेळ होता. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नूडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, बी रुजवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियमच्या वाढत्या टोकातल्या पेशींपासून एकसारखी रोपं करता येतात हे मांडलं. या दोन पावलांमुळे ड्यूकांचं झाड आज आपल्या भाजी-मंडईशेजारच्या फुलवाल्याकडे आलं. जंगलावरचा भार त्यामुळे हलका झाला, हे खरं. पण जहाजाची जागा आता प्रयोगशाळेने घेतली आहे. झाड फुलतं, आपण आणतो, फुलं गळतात, टाकून देतो, नवं आणतो. मेलेल्याची जागा पुन्हा लगेच भरते आहे.

निळ्या व्हँडाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. बेसुमार तोडीमुळे तिला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत घालावं लागलं. रोपवाटिकांत ती भरपूर तयार होऊ लागल्यावर २००४ च्या परिषदेत तिला त्या यादीतून दुसऱ्या, थोड्या सौम्य यादीत हलवलं. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा निळ्या-जांभळ्या व्हँडा तिच्या संकरित लेकी-नाती आहेत.

वेळ झाली आहे. पुढच्या खेपेस थिओफ्रास्टस घेऊ. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य, वनस्पतींवर सविस्तर लिहिणारा. 'ऑर्किस' हे नाव आपल्याला मिळतं ते त्याच्याच ग्रंथात, आणि त्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तरी तेव्हा सांगू. आता प्रश्न असतील तर घेतो.